वळताना थांबलेले विमान

काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे. दख्खनच्या पठारावरच्या एका खासगी धावपट्टीच्या कडेला मी उभा होतो. धावपट्टी म्हणजे मुरूम दाबून केलेला पट्टा. एका अंगाला वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी कापडी नळी, टोकाला कांद्याचे शेत. दुपारचे चार वाजून गेले होते. माझा मित्र त्याचे दोन आसनांचे मायक्रोलाइट घेऊन एकटाच वर गेला होता आणि अर्ध्या तासाने उतरायला परत येत होता. पट्टीला समांतर, उलट्या दिशेने तो पुढे गेला, डावीकडे काटकोनात वळला, आणि पट्टीच्या रेषेत येण्यासाठी त्याने पुन्हा डावीकडे शेवटचे वळण घेतले. ते वळण लांबले. विमान पट्टीची रेषा ओलांडून पलीकडे गेले, नाक आतल्या बाजूला खेचले गेले आणि पुढच्याच क्षणी डावा पंख पडला. ‘झुकला’ असे मी म्हणत नाही, पडला. अर्धवट उलटे होऊन विमान कांद्याच्या शेतात गेले. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत येत होता.

शेताचा मालक माझ्या आधी तिथे पोचला होता. मित्र गेलेला होता. संध्याकाळी पोलिसांना जबाब देताना तो शेतकरी म्हणाला, “इमान वळता वळता थांबल्यागत झालं, आन् मग कुशीवर पडलं.” विमानाच्या अपघातांचे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. इतके नेमके वाक्य त्यांत क्वचितच सापडते.

चौदाव्या दिवशी वहिनींनी मला विचारले, “भावजी, इंजिन चालू होतं ना? मग पडलं कसं?”

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात तीस वर्षे प्रवाही पदार्थांची गतिकी शिकवली. तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर उडायला शिकलो. तरीही मी म्हणालो, “हवेचा भरवसा नसतो, वहिनी.” ते खोटे होते. हवेने त्या दिवशी काहीही वावगे केले नव्हते. खरे उत्तर दोन वाक्यांत बसत नव्हते, आणि ते दिले असते तर मित्राचीच चूक काढल्यासारखे झाले असते, म्हणून मी हवेवर ढकलून मोकळा झालो. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

आधी एका शब्दाचा घोटाळा मिटवू. वैमानिक ज्याला ‘स्टॉल’ म्हणतात त्याचा इंजिनाशी काही संबंध नाही. मोटारीचे इंजिन बंद पडले तरी इंग्रजीत तोच शब्द वापरतात, त्यामुळे बातमी मराठीत येते तेव्हा ‘विमान स्टॉल झाले’ याचे हमखास ‘इंजिन बंद पडले’ होते. माझ्या मित्राच्या बातमीतही तसेच छापून आले होते. प्रत्यक्षात बंद पडतो तो पंख. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही पंख बंद पडू शकतो. उलट ज्याला इंजिनच नाही असे ग्लायडर तासन्‌तास तरंगत राहते, कारण त्याचा पंख काम करत असतो.

पंख काम करतो म्हणजे काय? एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये असे लिहिलेले असते, आणि लहानपणी आपण सगळ्यांनीच तो काढलेला असतो. तळवा जमिनीला समांतर धरला तर वारा वरून-खालून निघून जातो. पुढची कड किंचित उचलली की हात आपोआप वर जाऊ लागतो. आणखी उचलली की आणखी वर. पण एका मर्यादेनंतर हात वर जायचा थांबतो आणि नुसता मागे ढकलला जातो. पंखाचेही तसेच. समोरून येणारा वारा आणि पंखाची पाटी यांच्यात जितका कोन, तितकी उचल जास्त. पण साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंतच. त्यापुढे पंखाच्या पाठीवरून गुळगुळीत वाहणारी हवा पाठ सोडते, तिचे भोवरे होतात, आणि उचल एकदम ढासळते. हाच स्टॉल.

वैमानिकाच्या हातातली दांडी हा कोन ठरवते. मागे ओढली की शेपूट दबते, नाक उचलले जाते, कोन वाढतो. एरवी दांडी मागे ओढली की विमान वर जाते, आणि शिकाऊ माणसाच्या मनात ‘मागे म्हणजे वर’ असे समीकरण पक्के बसते. हे समीकरण पंधरा अंशांपर्यंतच खरे आहे. त्यापुढे ‘मागे’ म्हणजे ‘खाली’. माणूस पडू लागला की दांडी मागे ओढतो, आणि ओढतो म्हणून पडतो. सावरण्याचा मार्ग एकच: जमीन समोर दिसत असताना दांडी पुढे सोडायची, नाक जमिनीकडे जाऊ द्यायचे, पंखाला पुन्हा वारा पकडू द्यायचा. वाचताना हे सोपे वाटते. शंभर मीटरवर, शेतातली कांद्याची पात दिसत असताना हाताला ते पटवणे ही निराळी गोष्ट आहे.

आता वळणाकडे येतो, कारण माझा मित्र सरळ उडताना पडला नाही. विमान वळते ते पंख कलते करून. पंखाची उचल तिरकी होते आणि तिचा एक भाग विमानाला वळवायला खर्च होतो. उरलेल्या भागाला विमानाचे वजन पेलायचे असते, म्हणून एकूण उचल वाढवावी लागते. म्हणजे दांडी थोडी मागे, कोन थोडा जास्त. त्यामुळे वळणात विमान जास्त वेगालाच स्टॉल होते. मित्राचे विमान सरळ उड्डाणात ताशी सुमारे ६५ किलोमीटरला स्टॉल होत असे. ३० अंश कललेल्या, उंची राखणाऱ्या वळणात हा आकडा ७० होतो, ४५ अंशांत ७७, आणि ६० अंशांत ९२. उतरताना वेग स्टॉलच्या तीस टक्के वर ठेवावा असा जुना दंडक आहे, म्हणजे त्याच्यासाठी साधारण ८५. वेगमापकावर अगदी पुस्तकी ८५ दिसत असताना ६० अंशांचे वळण त्याला पाडू शकत होते.

पण तो इतका कलला नव्हता, आणि हीच या अपघाताची मेख आहे. त्या दुपारी वारा वायव्येचा होता. काटकोनाच्या बाजूवरून, म्हणजे ज्याला वैमानिक ‘बेस’ म्हणतात तिथून येताना तो त्याच्या पाठीशी होता. पाठीशी वारा असला की जमीन भरभर मागे सरकते. मापकावर ८० असले तरी डोळ्यांना १०० वाटतात. मग न कळत थ्रॉटल कमी होते, नाक किंचित उचलले जाते. त्याच वाऱ्याने विमान ढकलत नेले आणि वळण पट्टीच्या रेषेपलीकडे गेले. आता परत रेषेत यायचे तर आणखी कलायला हवे, पण जमिनीजवळ जास्त कलायला माणूस कचरतो. तेव्हा पाय मदतीला येतो. डाव्या पायाने रडर दाबला की नाक डावीकडे फिरते आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बाहेरचा उजवा पंख जास्त वेगाने फिरल्यामुळे उचलला जातो आणि कल वाढतो. तो नको म्हणून हात दांडी उजवीकडे नेतो. तसे करताना डाव्या पंखाच्या मागची झडप खाली येते आणि त्याच पंखाचा कोन टोकाला वाढतो. दरम्यान रडरमुळे नाक खाली झुकू लागलेले असते, म्हणून हात दांडी मागेही ओढतो. पाय डावीकडे, हात उजवीकडे आणि मागे. प्रत्येक हालचाल सुटी घेतली तर समंजस वाटते. सगळ्या एकत्र आल्या की आतला पंख बाहेरच्याच्या आधी बंद पडतो, आणि विमान त्या कुशीवर कोसळते. शेतकऱ्याने पाहिले ते हेच. “थांबल्यागत झालं” हा स्टॉल, आणि “कुशीवर पडलं” हा गिरकीचा पहिला अर्धा फेरा. तो फेरा पुरा होऊन विमान सावरायचे तर शंभर मीटर सहज लागतात. शेवटच्या वळणावर शंभर मीटर क्वचितच शिल्लक असतात.

अशा पडण्यात मोठे विमान आणि मायक्रोलाइट यांच्यात एक फरक आहे, तो हिशेबाने सांगतो. चालत्या विमानाच्या वेगात जी ऊर्जा साठलेली असते ती उंचीच्या भाषेत मांडता येते. ताशी २५० किलोमीटरने उतरणाऱ्या प्रवासी विमानाच्या वेगात सुमारे २४५ मीटर उंचीइतकी ऊर्जा असते. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या मायक्रोलाइटच्या वेगात फक्त २५ मीटर. एकाच्या खात्यात पैसे आहेत, दुसरा रोजच्या कमाईवर जगतो. शिवाय मायक्रोलाइटच्या तारा, नळ्या, उघडी चाके हवेला सतत अडवत असतात. थ्रॉटल बंद केले की वेग लगेच उतरतो, आणि मोटारीसारखे ‘थोडे अंतर आपोआप जाईल’ ही सवय इथे उपयोगाची नाही. वाऱ्याचेही तेच. जमिनीजवळ वारा मंदावतो, झाडे आणि बांध त्याला अडवतात. समोरून येणारा वारा खाली येता येता २० किलोमीटरने कमी झाला तर प्रवासी विमानाचा आठ टक्के वेग जातो, मायक्रोलाइटचा पंचवीस टक्के. हलके विमान सावकाश उडते म्हणून सुरक्षित, असे अनेकांना वाटते. आपटल्यावर ते खरे आहे. कमी वेगाने आपटणारा जगण्याची शक्यता जास्त असते. आपटेपर्यंत मात्र सावकाशपणाच त्याचा वैरी असतो.

या वैऱ्याची ओळख माणसाला पहिल्यांदा झाली ती मायक्रोलाइटपेक्षाही हलक्या यंत्रात. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडाल्याची कथा आपण पुराव्याविना जपत आलो आहोत. त्याच सुमारास बर्लिनच्या आसपासच्या टेकड्यांवरून एक जर्मन अभियंता उडत होता, पडत होता, आणि दोन्हींच्या नोंदी ठेवत होता. ओटो लिलिएन्थाल. करकोच्यांचा अभ्यास करून त्याने १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला, आणि १८९१ पासून विलोच्या काठ्यांच्या व कापडाच्या पंखांखाली लोंबकळून सुमारे दोन हजार झेपा घेतल्या. या सगळ्या झेपांचा एकूण वेळ जेमतेम पाच तास भरेल असा अंदाज पुढे विल्बर राइटने केला होता. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोल्न गावाजवळच्या टेकडीवरून निघालेल्या लिलिएन्थालला उष्ण हवेच्या झोताने उचलले. यंत्र नाक वर करून जवळजवळ जागीच थांबले. त्याने पाय पुढे फेकून वजन पुढे नेण्याची धडपड केली, पण उशीर झाला होता. पंधरा मीटरवरून तो पडला, कण्याला इजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये गेला. इथेही आधी यंत्र थांबले आणि मग पडले.

ही बातमी अमेरिकेतल्या डेटन गावी दोन सायकलवाल्यांनी वाचली. राइट बंधूंची किटी हॉकची १७ डिसेंबर १९०३ ची तारीख शाळेत पाठ होते, पण माझ्या मते त्यांचे खरे काम त्यानंतर दोन वर्षे डेटनजवळच्या एका गायरानात झाले. हफमन नावाच्या सावकाराची ती जमीन. उडण्याआधी गाई-घोडे हाकलावे लागत. २० सप्टेंबर १९०४ रोजी तिथे विल्बरने आकाशात पहिला पूर्ण फेरा मारला, आणि त्याचा डोळ्यांदेखतचा वृत्तान्त छापून आला तो मधमाश्या पाळणाऱ्यांच्या एका मासिकात, कारण मासिकाचा संपादक ते पाहायला गेला होता. मोठ्या वर्तमानपत्रांना तेव्हा याचे फारसे काही वाटले नव्हते.

फेरा तर मारता आला, पण वळणात मधूनच विमान ऐकेनासे होई. खाली झुकलेला पंख उचलण्यासाठी ते पंखाला पीळ देत, तर तो उचलला जाण्याऐवजी आणखी खाली जाई. किटी हॉकच्या वाळूत ग्लायडर असाच गिरकी घेत पंखाचे टोक रुतवून बसे, त्याला दोघे भाऊ थट्टेने ‘विहीर खणणे’ म्हणत. १९०२ मध्ये फिरता रडर बसवून त्यांनी त्यावर उपाय काढला होता, तरी दोष पुरता गेला नव्हता. २८ सप्टेंबर १९०५ रोजी ऑर्व्हिल वळत असताना विमान गायरानातल्या एका काटेरी झाडाकडे घसरू लागले. झाड आपल्या बाभळीच्या कुळातलेच. पंख काही केल्या वर येईना. आता धडकण्याआधी उतरलेले बरे म्हणून ऑर्व्हिलने नाक खाली केले, आणि पंख लगेच उचलला गेला. झाडाला घासून विमान निसटले, आणि तो उडत परत आला.

त्या संध्याकाळी दोघा भावांत काय बोलणे झाले असेल याची मला नेहमी उत्सुकता वाटते, कारण निष्कर्ष त्यांनी अचूक काढला. वळणात विमानाला स्वतःच्या वजनाहून जास्त भार पेलावा लागतो, त्यासाठी लागणारा वेग नव्हता, म्हणून आतला पंख बंद पडत होता. नाक थोडे खाली करून वेग घेतला की दुखणे संपते. उतरण्यासाठी घाबरून केलेली हालचालच औषध निघाली. पुढच्याच आठवड्यात, ५ ऑक्टोबरला, विल्बर त्याच विमानात सलग ३९ मिनिटे फेऱ्या मारत राहिला आणि सुमारे ३९ किलोमीटर उडाला. माणसासकट त्या विमानाचे वजन साडेचारशे किलोंच्या आत होते. आजच्या मायक्रोलाइटच्या वर्गात ते आरामात बसले असते. म्हणजे माझ्या मित्राला ज्या दुखण्याने नेले, त्याचे निदान आणि उपाय दोन्ही शंभरहून अधिक वर्षे जुने आहेत, आणि ते त्याच्याच प्रकारच्या यंत्रात सापडले आहेत.

उपाय माहीत असूनही तो हाताला का सुचत नाही? यावर दोन दिशांनी प्रयत्न झाले. एका बाजूला म्हणणे असे की माणूस बदलणार नाही, विमान बदला. फ्रान्सच्या आंरी मिन्येला हात आणि पाय यांची ही सांगड कधी जमली नाही. तेव्हा त्याने पंखांवरच्या झडपाच काढून टाकल्या आणि एकामागे एक दोन पंख असलेले, दांडीने आणि रडरने चालणारे छोटे विमान केले. त्याचे नाव ‘आकाशातली पिसू’. १९३३ मध्ये ते उडाले, १९३४ मध्ये त्याने घरी विमान बांधायची कृती सांगणारे पुस्तक लिहिले, आणि इंग्लंड-फ्रान्समध्ये लोक गोठ्यांत, गॅरेजांत ‘पिसू’ बांधू लागले. मिन्येचा दावा होता की हे विमान स्टॉल होऊन गिरकी घेऊच शकत नाही. दावा बराचसा खरा होता. पण नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की पुढचा पंख मागच्या पंखावर हवा अशी सोडे की मागचाच जास्त उचलला जाई. दांडी मागे ओढली तर विमान आणखी खाली. १९३६ पर्यंत कित्येक जण त्यात गेले, दोन्ही देशांत पवनबोगद्यात चाचण्या झाल्या, दोष उघड झाला आणि ती लाट ओसरली. ज्या उलट्या प्रतिसादापासून मिन्ये पळत होता, तोच दुसऱ्या दाराने आत आला होता. मला या माणसाबद्दल तरीही माया वाटते. सामान्य माणसाने स्वतःच्या हाताने उडावे, हे आजच्या मायक्रोलाइटमागचे स्वप्न त्याच्याइतके आर्ततेने फार थोड्यांनी पाहिले.

दुसरी दिशा माणसाला शिकवण्याची. व्होल्फगांग लांगेविशे हा जर्मनीतून अमेरिकेत गेलेला वैमानिक. १९४४ मध्ये त्याने दांडी आणि रडर या विषयावर एक पुस्तक लिहिले, ते अजून छापले जाते. त्याचा सगळा रोख एका गोष्टीवर आहे: दांडी विमानाला वर-खाली नेत नाही, ती पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन ठरवते. हडपसरला आमच्या प्रशिक्षकांनी हे पुस्तक वाचले होते की नाही ठाऊक नाही, पण त्यांची शिकवण तीच होती. एका सकाळी शेवटचे वळण घेताना मी रेषेबाहेर गेलो आणि नकळत पाय दाबला. मागच्या आसनावरून ते एवढेच म्हणाले, “पाय.” मग माझ्या हातातली दांडी आपोआप पुढे गेली, त्यांनी ढकलली होती. ग्लायडरचे नाक उसाच्या फडाकडे झुकले आणि माझ्या पोटात गोळा आला. खाली उतरल्यावर ते म्हणाले, “भीती वाटली ना? तिच्याकडे नाक करायचं. तिच्यापासून पळायचं नाही.” मी हे वाक्य आयुष्यात बऱ्याच ठिकाणी वापरले आहे, बहुतेक ठिकाणी चुकीचे. ते विमानापुरतेच होते.

मायक्रोलाइटमध्ये ही शिकवण आणखी अवघड का होते, त्याला इतिहास आहे. हे वाहन विमानापेक्षा हँग ग्लायडरच्या घरातून आले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ओशकोशच्या मेळाव्यात जॉन मूडी यांनी पाठीशी इंजिन बांधलेला हँग ग्लायडर पायांनी धावत उडवून दाखवला आणि एक नवी जात जन्माला आली. १९८२ मध्ये तिथल्या सरकारने ११५ किलोंच्या आतल्या एकआसनी यंत्राला परवानाच लागणार नाही असा नियम केला. हौशी माणसाला दार उघडले, पण प्रशिक्षकाच्या शेजारी बसून पाय आणि हात घडवण्याची पायरी त्यात अनेकांनी गाळली. त्यातच या घराण्यात दोन भाषा आहेत. त्रिकोणी कापडी पंखाखाली तीनचाकी टांगलेली असते तिथे समोरची आडवी दांडी स्वतःकडे ओढली की नाक खाली जाते आणि वेग वाढतो. नेहमीच्या विमानात दांडी ओढली की नाक वर. एका भाषेत मुरलेला माणूस दुसरीत गेला तर शांतपणी नीट बोलतो. घाबरला की मातृभाषेत ओरडतो. माझा मित्र पहिली दोन वर्षे त्रिकोणी पंखवाले उडवत होता. या गोष्टीला मी अपघाताचे कारण म्हणणार नाही, पण विसरतही नाही.

आपल्याकडेही ही जात रुजली आहे. १९८८ मध्ये विजयपत सिंघानिया लंडनहून मायक्रोलाइट उडवत २३ दिवसांत भारतात आले, तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. एनसीसीच्या हवाई शाखेतली मुले-मुली आज पहिला आकाशानुभव बहुधा मायक्रोलाइटमध्येच घेतात. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून १९४ छोटी विमाने मागवली गेली, त्यांना ‘गरुड’ नाव दिले आहे. नव्या विमानांत अख्ख्या विमानाला खाली आणणारे, रॉकेटने उघडणारे पॅराशूटही मिळते. ते उपयोगी आहे, पण त्यालाही उघडायला उंची हवी. शेवटच्या वळणावर नेमकी तीच नसते. तिथे कामाला येतो तो साधा नियम: वळण रेषेपलीकडे गेले की ते ओढून आणायचे नाही, पंख सरळ करायचे, थ्रॉटल पूर्ण द्यायचे आणि पुन्हा फेरी मारून यायचे. धावपट्टी कुठे जात नाही. माझ्या मित्राच्या टाकीत तासाभराचे पेट्रोल होते.

गेल्या पावसाळ्यात मी वहिनींकडे गेलो आणि हे सगळे सांगितले. समोर चहाचा ट्रे होता, त्यातली एक बशी विमान म्हणून घेतली. वहिनी गणिताच्या शिक्षिका होत्या. ३०, ४५, ६० अंशांचा हिशेब त्यांनी माझ्याआधी तोंडी केला. मग बशी स्वतःच्या हातात घेतली, डावीकडे कलवली, आणि विचारले, “इथे त्यांनी दांडी सोडली असती तर?”

“पंख पडायच्या आधी नुसती सैल केली असती, तरी पुरलं असतं.”

“आणि पडल्यावर?”

“नाही.”

“मधे किती वेळ होता?”

“एक-दोन सेकंद.”

त्यांनी बशी ट्रेमध्ये ठेवली. त्यांचा भाचा यंदा एनसीसीच्या हवाई शाखेत गेला आहे. रविवारी तो येणार होता. “भावजी, रविवारी पुन्हा या,” त्या म्हणाल्या, “आणि हवेचा भरवसा नसतो वगैरे त्याला सांगू नका. हेच सांगा.” मी रविवारी गेलो. पोराने सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दल.